उजवीकडून पहिली पणती

"कोंबडीनं गिळलं असंल," आई म्हणाली, आणि आम्ही सगळेजण त्या कोंबडीकडं बघायला लागलो.

सोप्यात लाकडी ओंडक्यांवर आमच्या जीपचं इंजिन उघडंवाघडं बसलं होतं आणि त्याच्या एका पिस्टनची दोन्ही लॉकं नाहीशी झाली होती. लॉक म्हणजे काही मोठी वस्तू नव्हे. नथीएवढी तारेची कडी. पिस्टनच्या पोटात एक पिन असते, ती इकडंतिकडं सरकू नये म्हणून दोन्ही अंगांना ही कडी बसवायची. पण ती नसली तर पिन सरकते, सिलिंडरला घासते आणि चालत्या इंजिनाची आतडी बाहेर येतात. एवढ्याशा कडीवाचून सगळं काम अडून बसलं.

मी सोप्यातली माती सुपात घेऊन पाखडली. लोहचुंबक दोरीला बांधून कोपऱ्याकोपऱ्यातनं ओढला, तर खिळे, टाचण्या आणि आईची कधीची हरवलेली सुई तेवढी चिकटली. आबा गुडघ्यांनी हैराण माणूस, पण तेही रांगत रांगत इंजिनाखाली डोकं घालून शोधत होते. कोंबडीवर मी पुढं चांगली पाळत ठेवली. तिनं दिलं ते अंडंच.

माझं नाव आक्काताई. आता माझे केस पांढरे झालेत, तरी आमच्या भागात केरबा मिस्त्रीची पोरगी म्हटलं की ओळख पटते. आम्ही लोहार. आजोबांनी बैलगाड्यांच्या चाकांवर लोखंडी धावा चढवल्या, आबांनी इंजिनं बांधली आणि पुढं स्वतःची जुनी जीप घेऊन ती वडापला लावली. वडाप म्हणजे फाट्यावर गाडी उभी करायची, माणसं दाबून भरायची, मागं दोघंतिघं लोंबकळत ठेवायची आणि गडहिंग्लजला नेऊन सोडायची. फाट्यावर गाड्यांची लाइन होती आणि त्या लाइनीला कायदा होता. दसऱ्याच्या सकाळी सगळ्या गाड्या फाट्यावर पूजेला यायच्या. जी गाडी त्या सकाळी स्वतःच्या इंजिनावर चालत येईल तिचाच नंबर पुढच्या वर्षाला कायम. ओढून आणलेली चालायची नाही. गाडी आली नाही की नंबर गेला, आणि गेलेला नंबर कुणाला परत मिळाल्याचं मी तरी ऐकलं नव्हतं.

त्या वर्षी आषाढात आमचं इंजिन जाम झालं, आणि त्याच सुमाराला आबांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला. गाडी आता चालवणार कोण? माझा थोरला भाऊ मारुती सूतगिरणीत कामाला. त्याला गाडीचा सोस कधीच नव्हता, भंगारात घाला आणि मोकळे व्हा म्हणायचा. उरले मी. मला गाडी येत होती. नदीकाठच्या माळावर आबांनीच शिकवली होती. लायसन काढायला आबाच घेऊन गेले होते आणि तिथली माणसं हसायला लागली तेव्हा आबाच सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले होते, की माझी पोरगी आहे, तुमच्यापेक्षा बरी चालवती.

"आक्के," आबा म्हणाले, "इंजिन आपण दोघं बांधू. दसऱ्याला तू गाडी फाट्यावर लाव. नंबर तुझा."

"खरं का आबा?"

"व्हय की."

हे 'व्हय की' आबांचं ठरलेलं होतं. केरबा मिस्त्रीच्या तोंडात नाही हा शब्दच नाही, असं लोक कौतुकानं सांगायचे. देवमाणूस म्हणायचे. कुणी पंप बघायला बोलावलं, व्हय की. कुणी पोराला कामाला लावा म्हटलं, व्हय की. एकदा एकाच दुपारी दोन लग्नांचं जेवण त्यांनी कबूल केलं आणि दोन्हीकडं जेवून आले. रात्रभर पोट धरून बसले पण यजमान दोघंही खूश. आई चिडायची. मला मात्र त्या माणसाचा केवढा अभिमान. माझ्या वयाच्या पोरींना बाप घराबाहेर पाऊल टाकू देत नव्हते, आणि माझा बाप माझ्या हातात स्टिअरिंग देत होता.

इंजिन खोलायची आबांची एक पद्धत होती. बारीकसारीक सामान ते दिवाळीच्या जुन्या पणत्यांत ठेवायचे. फळीवर पणत्यांची ओळ. जे आधी निघेल ते डावीकडच्या पहिल्या पणतीत, मग त्याच्या शेजारी, असं करत शेवटी निघालेलं अगदी उजवीकडं. बांधताना उलटं यायचं. उजवीकडून पहिली पणती उचलायची, तिच्यातलं बसवायचं, मग पुढची. चुकायचा सवालच नाही. आबा म्हणायचे, डोळ्यांवर पट्टी बांधली तरी या ओळीवरनं इंजिन उभं करता येतं.

तर पहिल्यांदा रिकामी झाली ती उजवीकडची पहिली पणती.

दुसऱ्या दिवशी मी गडहिंग्लजला गेले. तिथं मेहबूबभाईंचं भंगाराचं दुकान होतं. जुन्या इंजिनांचं मोडकंतोडकं ते रॉकेलच्या डब्यांत भरून ठेवायचे. मी पिस्टन पिशवीत घालून नेला होता. डब्याशेजारी फतकल मारून बसले आणि एकेक कडी खाचेत बसवून बघत गेले. बहुतेक ढिल्या, काही मोठ्या, काहींचा ताणच गेलेला. हात कोपरापर्यंत काळे झाले तेव्हा कुठं जोडी जमली. घरी आले तर आबांनी कडी बोटांनी चाचपली, खाचेत बसवली, नखानं उचलून पाहिली आणि म्हणाले, बरोबर हाय. आवाज जरा पडल्यासारखा वाटला. मी म्हटलं, थकले असतील.

पिस्टन बसले. पुढं क्रँकच्या, म्हणजे इंजिनाच्या मुख्य दांड्याच्या, टोकावर दात्यांचं चाक बसवायचं. ते चाक जागेवर धरून ठेवायला एक पोलादी चावी असते, भोपळ्याच्या बीसारखी. सकाळी फळीशी गेले तर ती पणती रिकामी.

या वेळी आईनं कोंबडीचं नाव घेतलं नाही. उंदीर म्हणाली, मग भानामती म्हणाली, आणि संध्याकाळी इंजिनावर लिंबू-मिरची बांधून मोकळी झाली. फाट्यावरचे जिन्नाप्पाण्णा तेव्हा घरी आले होते. लाइनीचे प्रमुख तेच, पांढऱ्या टोपीतला गोड बोलणारा माणूस. हल्ली ते सारखे यायचे, चहा घ्यायचे, इंजिनाकडं बघायचे आणि कुठवर आलं म्हणून विचारायचे. चावी हरवली म्हटल्यावर त्यांनी चुकचुक केली आणि आबांकडं बघितलं. आबा बशीतला चहा फुंकत होते.

चावी तयार मिळेना, तेव्हा मी ती घडवायचं ठरवलं. पोलादाचा एक तुकडा घेतला, शेगडीत लाल केला, हळूहळू गार होऊ दिला आणि कानस घेऊन बसले. घासायचं, खाचेत बसवून बघायचं, पुन्हा घासायचं. जास्त घासलं की तुकडा वाया. दोन तुकडे वाया गेलेच. तिसरा खाचेत असा बसला की हातोडीची हलकी टिचकी लागली आणि जागेवर गप्प. आबा मागं येऊन उभे राहिले होते ते मला कळलंच नाही. त्यांनी खाचेवरनं बोट फिरवलं.

"कुणी शिकवलं गं हे तुला?"

"तुम्हीच की."

ते माझ्या डोक्यावर हात ठेवून तसेच उभे राहिले. किती वेळ तो हात तिथं होता. मला वाटलं, जिंकलं. पितरांचा पंधरवडा संपत आला होता, घट बसायला आले होते, आणि दसऱ्यापर्यंत गाडी नक्की होणार अशी माझी खात्री झाली.

उरलेल्या पणत्या मी आईच्या लोखंडी ट्रंकेत ठेवल्या, त्याच ओळीनं, आणि कुलूप घातलं. कुलपाची किल्ली भिंतीतल्या देवळीत ठेवली. घरातल्याच माणसांना ठाऊक. रविवारी मारुतीदादा सुट्टीला आला. थंडी पडायच्या आधी चादर न्यायची म्हणून त्यानं ट्रंक उघडली, चादर काढली, बंद केली. सोमवारी मी वाल्व्ह बसवायला घेतले. वाल्व्हच्या दांडीला स्प्रिंग धरून ठेवायला दोन-दोन अर्धुकं असतात, त्यांना कॉटर म्हणतात. ट्रंक उघडली. कॉटरची पणती रिकामी.

माझं डोकं फिरलं. दादा परत गिरणीकडं निघाला होता, सायकलला पिशवी अडकवत होता. मी अंगणात जाऊन त्याच्या सायकलचं हँडल धरलं आणि तोंडाला येईल ते बोलले. तुला गाडी भंगारात घालायचीय. तुला माझं बरं बघवत नाही. बहिणीनं कमावलं तर तुझी मान खाली जाते. शेजारच्या बायका कुडावरनं डोकावत होत्या. आई आत रडत होती. आबा सोप्याच्या पायरीवर बसले होते. त्यांनी सगळं ऐकलं आणि पायाच्या नखाकडं बघत राहिले.

दादा आधी लाल झाला, मग एकदम शांत झाला.

"आक्के, मला कॉटर म्हणजे काय तेच ठावं न्हाई. मला गाडी मोडायची असती तर मी क्रँकच उचलून विहिरीत टाकला असता. हा चोर शिकलेला हाय. इंजिनाला इजा न करता काम अडवतोय. जरा डोकं चालव."

मी म्हटलं, मला अक्कल शिकवू नको. तो सायकलवर बसला आणि गेला. सणाला तरी येशील ना, असं आईनं मागनं विचारलं, तोवर तो वळणावरनं दिसेनासा झाला होता. माझा एकच भाऊ.

रात्री जेवताना आबा म्हणाले, "जाऊ दे. लहान हाय अजून तो." लहान कसला, माझ्याहून मोठा. पण मी त्या बोलण्याचा अर्थ असाच घेतला की आबांनाही चोर पटला.

पुन्हा मेहबूबभाई. एका मोडक्या इंजिनाचं हेड, म्हणजे वाल्व्ह असतात तो वरचा भाग, त्यांच्या परसात पावसात पडलं होतं. मी त्याचे वाल्व्ह तिथंच बसून सोडवले, कॉटर काढले, गंज रॉकेलमध्ये घासून घालवला. जमले. हेड बसलं. गल्लीतली माणसं जमवून, आंब्याच्या फांदीला साखळी टाकून इंजिन जीपमध्ये उतरवलं. आता एकच पणती उरली होती, डावीकडची पहिली. तिच्यात डिझेल फवारणाऱ्या इंजेक्टरखाली बसायचे तांब्याचे चार वायसर, चपट्या चकत्या. ते घातले, नळ्या जोडल्या, की इंजिनात जीव.

अष्टमीच्या संध्याकाळी मी ट्रंक उघडली. पणती रिकामी.

मी खालीच बसले. दादानं तर घरात पाऊल टाकलं नव्हतं, मग हे कसं? दुसऱ्या दिवशी खंडेनवमी. त्या दिवशी हत्यारांची पूजा. आमच्याकडं कुणी पान्याला हात लावत नाही, गडहिंग्लजातली वर्कशॉपं बंद, स्पेअरपार्टची दुकानं बंद, मेहबूबभाईसुद्धा दुकानाला फुलं घालून घरी बसतात. आणि परवा सकाळी दसरा.

आबा माझ्याशेजारी येऊन बसले. अगदी मायेनं म्हणाले, "मारुतीनं त्या फेरीलाच नेले असतील, पोरी. तू ही पणती तेव्हा बघितली न्हाईस." मला ते पटलं. पटणारच. आबा बोलले होते. "नशिबात न्हाई म्हणायचं," ते म्हणाले. "गाडी काय, पुढंमागं सुरू हुईल." मी त्यांच्या खांद्यावर डोकं ठेवून रडले. त्यांनी पाठीवरनं हात फिरवला. त्या रडण्याची मला आजसुद्धा लाज वाटते.

नवमीला सकाळी आईनं सोपा सारवला, पाट मांडला. दरवर्षी आबा आपली हत्यारांची पिशवी स्वतः रिकामी करायचे, एकेक पाना पुसून पाटावर ठेवायचे आणि मग आई हळद-कुंकू वाहायची. पण त्या सकाळी जिन्नाप्पाण्णांचा निरोप आला, फाट्यावर मांडव घालायचाय, मिस्त्री लगेच या. आबा म्हणाले, व्हय की. चहा अर्धा टाकून गेले. ऊन वर आलं तरी परतले नाहीत. आई म्हणाली, पूजा खोळंबली, तूच काढ गं हत्यारं.

मी खाकी पिशवी उपडी केली. पाने, पकडी, हातोड्या, छिन्न्या. सगळ्यात खाली तेलकट कागदाच्या पुड्या होत्या, नीट घड्या घातलेल्या, दोऱ्यानं बांधलेल्या.

पहिली सोडली. दोन कड्या. दुसरीत चावी. तिसरीत कॉटर, जोड्या जुळवून. चौथीत तांब्याचे चार वायसर. सगळ्यांना ग्रीस लावलेलं होतं. गंज चढू नये म्हणून चोरानं ग्रीस लावून ठेवलं होतं.

काखेत कळसा म्हणतात तसं झालं. रोज मी त्या पिशवीतनं पाना काढत होते. मी मातीत लोळून ज्या कड्या शोधत होते त्या माझ्या हाताखाली वीतभर खोल होत्या, आणि रांगत रांगत माझ्याबरोबर त्या शोधणारा माणूस... मला पुढचा विचारच करवेना. दादाचं बोलणं आठवलं. हा चोर शिकलेला हाय. ओळीनं चोरत होता तो. आज काय लागणार हे कुणाला ठाऊक होतं? त्या घरात दोघांनाच. एक मी.

आईनं पुड्या बघितल्या आणि मटकन पाटाशेजारी बसली. मी पाटावरचा पाना उचलला. ती म्हणाली, आज नको, आज हत्याराला शिवायचं नसतं, पाप लागतं. मी म्हटलं, आई, या घरात जेवढं लागायचं तेवढं लागून झालंय. वायसर पुसले आणि जीपचं बॉनेट उघडलं.

आबा आले तेव्हा मी तिसरा इंजेक्टर आवळत होते. ते अंगणाच्या तोंडाशीच थांबले. पायरीवर पुड्यांचे कागद पडले होते, ते त्यांनी बघितले.

"आज हत्याराला हात लावू ने, आक्के."

मी हात थांबवला नाही. ते येऊन मडगार्डला टेकून उभे राहिले. मी विचारलंसुद्धा नाही, त्यांनी आपणहून सांगितलं. गणपतीच्या आधी जिन्नाप्पाण्णा आणि फाट्यावरची आणखी काही माणसं त्यांना भेटली होती. बाईमाणूस लाइनीत आलं तर आमची अडचण होते, म्हणाले. बोलायचं कसं, भांडायचं कसं, उद्या पोरीला काही झालं तर नाव आमचं. तुम्ही मोठे आहात, तिला परस्पर थांबवा. आमच्या तोंडून वाईटपणा नको.

"मग तुम्ही काय म्हणाला?"

"व्हय म्हटलं."

"आणि मला?"

"तुलाबी व्हयच म्हटलं हुतं. आधी."

"मग आबा, त्यातलं खरं कुठलं?"

त्यांनी माझ्याकडं बघितलं. मोतीबिंदूनं निळसर झालेले डोळे. मला वाटतं, तो प्रश्न त्यांना खरंच कळला नाही.

"दोन्ही खरंच की," ते म्हणाले. "दसरा टळला असता, मग मी एकेक करून सगळं सापडवून दिलं असतं. गाडी सुरू झाली असती. नंबर तेवढा गेला असता. पण कुणाचं मन मोडलं नसतं, आक्के. ना तुझं, ना त्यांचं."

"आणि दादाचं?"

"त्याची समजूत मी काढली असती."

मला रडू आलं नाही. मी म्हटलं, "तोंडावर न्हाई म्हणाला असता, तर मी भांडले असते, जेवण टाकलं असतं, चार दिवस तुमच्याशी बोलले नसते. पण तुमची राहिले असते. तुम्ही माझ्या डोक्यावर हात ठेवला आबा, आणि दुसऱ्या हातानं कॉटर काढून घेतले."

आबा वळले. पायरीवर जाऊन बसले आणि कागदाच्या पुड्यांच्या पुन्हा घड्या घालत राहिले.

संध्याकाळी दादा आला. आईनं शेजारच्या पोराकरवी गिरणीत निरोप धाडला होता. मी काही बोलायच्या आत त्यानं पुड्या बघितल्या, आबांकडं बघितलं आणि म्हणाला, मला ठावं हुतं. मग सांगितलं का नाहीस, असं मी विचारलं. तो म्हणाला, "आबांच्या विरोधात सांगितलं असतं तर तू मला अंगणात न्हाई, चावडीवर नेऊन शिव्या दिल्या असत्यास." खोटं काय होतं त्यात. बॅटरी उतरली होती. त्यानं बाह्या सारल्या आणि एकट्यानं जीप उताराला लावून ढकलली.

इंजिनानं दोनदा धूर टाकला, खोकलं, आणि लागलं. सगळं घर हादरायला लागलं. आई हात जोडून उभी. आबा पायरीवर मान कलती करून ऐकत होते.

"दोन नंबरचा टॅपेट जरा ढिला हाय," ते हळूच म्हणाले.

बरोबर होतं. मी उतरले, वाल्व्ह दाबणारा तो टॅपेट नीट बसवला.

दसऱ्याला सकाळी जीपला झेंडूची माळ घातली आणि निघाले. आबा आधीच फाट्यावर गेले होते. मांडवाखाली सगळ्या गाड्या ओळीनं उभ्या होत्या, माणसं धुतलेल्या कपड्यांत, हातात आपट्याची पानं. मी इंजिन बंद केलं नाही. सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं, मग आबांकडं बघितलं. जिन्नाप्पाण्णा हसतच पुढं आले.

"मिस्त्री, आपलं काही बोलणं झालं हुतं."

आबाही हसले. "व्हय की," म्हणाले.

मी स्टिअरिंग दोन्ही हातांनी धरलं होतं. "आबा," मी म्हटलं, "आज एकदा न्हाई म्हणा. मला म्हणा, न्हाईतर ह्यांना म्हणा. तुम्ही मला तोंडावर न्हाई म्हणाला तर मी ह्या घडीला गाडी माघारी नेते. पुन्हा नाव काढत न्हाई. फक्त म्हणा."

खरंच नेली असती. त्या क्षणी मला नंबरापेक्षा ते ऐकायचं होतं.

आबांनी पूजेच्या ताटातला एक नारळ उचलला. ते जीपकडं यायला लागले तशी माणसं बाजूला झाली. मला वाटलं, चाकापुढं फोडणार. आबांनी खिडकीतनं हात आत घातला, तो नारळ माझ्या मांडीवर ठेवला आणि लहान पोरीशी बोलावं तसं गोड बोलले.

"घरी जाऊन फोडू, आक्के. चल."

तेवढंच. नाही नव्हतंच ते. आबांनी त्यांच्या आयुष्यात कुणाला नाही म्हटलं नाही.

मी खाली उतरले. आमच्याकडं बायका नारळ फोडत नाहीत. मी पुढच्या चाकाशी गेले, रस्त्याकडेच्या दगडावर नारळ आपटला. एका दणक्यात फुटला नाही, दुसऱ्याला फुटला. पाणी चाकावर ओतलं. मागनं कुणीतरी पुटपुटलं, गाडी चालत आलीय आण्णा, कायदा कायदाच. जिन्नाप्पाण्णांचं हसणं तसंच राहिलं. ते म्हणाले, व्हय, नंबर मोडता येणार न्हाई.

मी खोबऱ्याचे तुकडे केले आणि प्रसाद घेऊन फिरले. कुणी तंबाखू मळत होतं, कुणी आपल्या गाडीचं चाक बघत होतं. एकाही माणसाचा हात पुढं आला नाही. शेवटी मी आबांपुढं जाऊन उभी राहिले. तुकडा पुढं केला.

आबांचा हात आला. पण तो अर्ध्यात थांबला, आणि आबांनी मान वळवून जिन्नाप्पाण्णांकडं बघितलं, घेऊ का म्हणून.

मी तो तुकडा माझ्याच तोंडात टाकला, गाडीत बसले आणि माझ्या नंबरावर जाऊन उभी राहिले.